कामाची दोरी

लगनसराई आली की माझी नजर बिघडते. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरासमोरून रोज संध्याकाळी एखादी वरात जाते. बॅन्डवाले घामाने निथळत असतात, डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया तापलेल्या डांबरावरून घाईने पाय उचलतात, नवरदेवाच्या घोडीला गर्दीचा वीट आलेला असतो. लोक नवरदेव पाहतात. मी करवल्यांचे ब्लाउज पाहतो. साडी डाळिंबी आणि ब्लाउज नुसता लाल. साडी मोरपिशी आणि ब्लाउज कुठल्या तरी शाळेच्या गणवेशाचा निळा. कोणी तरी घाईत तुकडा फाडून दिला आहे हे मला गॅलरीतून कळतं. ज्याने दिला त्याचा धंदा जोरात चालला आहे हेही कळतं, आणि मग मला जेवण जात नाही.

हे दुखणं जुनं आहे. यंदा माझ्या लेकीने त्यावरची खपली काढली.

शीतल संगणकाच्या कंपनीत आहे. उन्हाळ्यात दुपारी ती घरीच कुलरसमोर बसून काम करते. वाळ्याचा ओला वास, कुलरची घरघर आणि तिची बोटं टकटक चाललेली. एका दुपारी मी सहज विचारलं, की बाई, तू दिवसभर करते तरी काय? ती म्हणाली, "तुम्हाले समजेल असं सांगते, बाबा. एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाले काम सांगते. ते काम एक्सएमएलमध्ये लिहून पाठवतात. म्हणजे कोणतीही गोष्ट लिहायची असली, की आधी तिचं नाव, मग ती गोष्ट, मग पुन्हा तेच नाव लिहून दार बंद. बाहेर पाकीट, आत मजकूर. इकडं दारात एक फ्रेमवर्क, म्हणजे एक तयार प्रोग्राम, बसलेलं असते."

"बसलेलं?"

"समजा न, बसलेलं. ते पाकीट उघडते, मजकुरातलं पहिलं नाव पाहते. ते नाव म्हणजे काम. ते काम मागची कोणती मेथड करते, हे त्याच्याजवळ लावून ठेवलेलं असते. मग ते मजकुरातली मापं, म्हणजे काय अन् किती, काढून त्या मेथडच्या हाती देते. तिनं दिलेलं उत्तर पुन्हा तशाच पाकिटात घालते, अन् ज्यानं विचारलं त्याले परत पाठवते."

"मेथड म्हणजे मागं बसून काम करणारी?"

"हो."

"अन् काम सांगणाऱ्याले ती माहीत असते?"

"नाही न! तेच तर छान आहे, बाबा. मागची मेथड काढली अन् तिच्या जागी दुसरी बसवली, तरी त्याले पत्ता लागत नाही. त्याचं काम झालं म्हणजे झालं."

छान म्हणे! मी पन्ह्याचा पेला असा आपटला, की अर्धं पन्हं तिच्या वायरींवर. ती ओरडली, "बाबा, तुम्ही कोणावर चिडून राहिले?"

कोणावर, ते तिला काय सांगणार? तो माणूस तिच्या जन्माआधीचा. गांधीबागेतल्या एका गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या गादीवर बसलेला, अंगात मलमलीची बंडी, समोर काळा फोन, त्या फोनवर बायकोने विणलेला जाळीचा रुमाल. शामराव.

*

सन सत्तरच्या आसपासचा तो उन्हाळा. माझं दुकान म्हणजे भिंतीत खणलेला एक खण होता, पण माझा होता. उमरेडकडच्या गावातून मी खांद्यावर गाठोडं घेऊन आलो होतो. फुटपाथवर बसलो, पोलिसाने उठवलं की पलीकडच्या फुटपाथवर बसलो. मिलमधले उरलेसुरले तुकडे, ज्यांना आम्ही कटपीस म्हणतो, ते ढिगाने घ्यायचे आणि त्यातून रंग वेचायचे, हे माझं मीच शिकलो. मिलच्या माणसाशी भाव करताना मी तीनदा उठून दारापर्यंत जात असे. तिसऱ्यांदा चपला घातल्यावरच तो हाक मारायचा, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी आम्ही दोघं तो खेळ पूर्ण करायचो. घसा बसेपर्यंत भांडायचो आणि मग एका बशीत चहा अर्धा अर्धा प्यायचो.

गल्लीत लग्नाच्या बस्त्याचं सगळं मिळायचं, पण एका दुकानात नाही. एकाकडे शालू, एकाकडे धोतरं, एकाकडे फेटे, एकाकडे चादरी, कोपऱ्यात रंगारी, आणि सगळ्यात शेवटी गाठोडी शिवून मोटारस्टँडवर पोचवणारा. माझ्याकडे मॅचिंग. साडीला जुळणारे ब्लाउजपीस. खळीच्या कापडाचा वास, ओल्या सुतळीचा वास, रंगाऱ्याच्या कढईचा आंबूस वास, आणि या सगळ्यांवर दुपारच्या उन्हाची झळ. दुपट्टा डोक्याला गुंडाळून आम्ही दारात बसायचो आणि वाट पाहायचो.

फोन गल्लीत एकच. बाकी आम्ही सगळ्यांनी अर्ज केलेले होते आणि अर्ज म्हातारे होत होते. शामरावचा फोनही खरं तर त्याच्या सासऱ्याच्या नावावरचा. पण आम्हा सगळ्यांच्या दुकानाच्या कागदावर तोच नंबर छापलेला, मागे ‘पी.पी.’ लावून. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, बोलावून देतील. सावनेर, काटोल, ब्रह्मपुरी, कुठूनही एखादा दुकानदार पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा तो शामरावकडे.

ट्रंक कॉलला वेळ तीन मिनिटांचा. त्यात राम राम, पाऊसपाणी, पोरंबाळं बोलत बसलं की काम राहून जायचं. म्हणून शामरावने शिस्त लावली. आधी गाव, मग काम, मग माप. ‘सावनेर. मॅचिंग. एवढे नग, अमुक रंग.’ मध्ये कोणी दुसरं बोलायला लागला की तो तोडायचा, "काम सांगा." माप गावाकडच्या हातात आणि वितीत यायचं, तो बोटांवर हिशेब करून मीटर काढायचा आणि मगच आमच्या कानावर घालायचा. उत्तरही त्याच चालीने परत जायचं. आमच्या गल्लीत नसलेलं काही कोणी मागितलं, तर हा माणूस चिडायचा नाही की हसायचा नाही. "सावनेर. ते काम आमच्याकडे नाही. फोन ठेवा." संपलं.

आणि आम्हाला बोलवायचं कसं? त्याने गादीमागच्या भिंतीवर खिळे ठोकले होते. प्रत्येक खिळ्याखाली खडूने कामाचं नाव: शालू, फेटे, चादर, रंग, मॅचिंग, गाठोडं. प्रत्येक खिळ्याला साडीच्या फाडलेल्या किनारीची एक दोरी. ती दोरी छपरांच्या कडेने, पानवाल्याच्या पत्र्यावरून, खांबाला वळसा घालून त्या त्या दुकानाच्या दारात जायची, आणि तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटी. पोळ्याच्या बाजारातून त्याने वेगवेगळ्या आवाजाच्या घंट्या निवडून आणल्या होत्या. इकडे दोरी ओढली की तिकडे घंटी वाजायची, आणि ज्याची वाजली तो धावत फोनकडे. माझी दोरी हिरवी होती. माझ्या घंटीला तडा गेलेला, त्यामुळे तिचा आवाज खोकल्यासारखा यायचा. मला तो सनईपेक्षा गोड वाटायचा.

सुरुवातीला शामराव घाई करायचा. ऑपरेटरने ‘कामठी’ म्हटलं की पुढचं न ऐकताच चादरीची दोरी ओढायचा, कारण कामठीहून मागणी चादरींचीच असायची. एकदा कामठीवाल्याला फेटे हवे होते. चादरवाला जेवणावरून उठून, हात तसाच खरकटा घेऊन आला. "शामरावजी, मी काय डोक्याले चादर बांधून देऊ त्याच्या?" गल्ली दोन दिवस हसली. तेव्हापासून शामरावने बाहेरच्या नावावर दोरी ओढणं सोडलं. काम ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही.

शेवटी मी हे शीतलला सांगितलं तेव्हा तिने काम थांबवलं. म्हणाली, "बाबा, खरंच? आमच्याकडं अजून यावर वाद होतात. बाहेरचं लेबल पाहून पाठवायचं, का आतलं पहिलं नाव पाहून." तिचे डोळे चमकले. शामरावचं नाव तिने दोनदा विचारलं. माझं दुकान कुठे होतं हे तिने एकदाही विचारलं नाही.

*

शामराव या सगळ्याचं काही घ्यायचा नाही. तेच अवघड होतं. घेतलं असतं तर भांडता आलं असतं. त्याला फक्त आवडायचं, की अख्ख्या मुलखातून लोकांनी ‘शामरावजी’ म्हणावं. त्याच्या स्वतःच्या दुकानात टोप्यांचे चार गठ्ठे होते आणि त्यांवर धूळ. पण संक्रांतीला गावोगावचा तीळगूळ त्याच्याकडे यायचा, आंब्याच्या दिवसांत आंबे. मुलीचं लग्न पार पडलं की बाप पेढे घेऊन त्याच्याकडे. "तुमच्यामुळं बस्ता असा झाला, शामरावजी, मांडवात बाया पाहत राहिल्या." आणि शामराव मान लववून म्हणायचा, "माझं काय आहे त्यात?"

खरंच, काय होतं त्याचं त्यात? डाळिंबीला डाळिंबी मी लावलेली. दिव्याखाली नाही, उन्हात नेऊन, दोन्ही कापडं गालाशी धरून. पेढ्यांतला एक तो मलाही द्यायचा आणि मी खायचो. तो पेढा मला अजून गिळता आलेला नाही.

*

त्या वर्षी समोरच्या रांगेत एक नवं दुकान उघडलं. त्यातही मॅचिंग. मालक मधुकर, शामरावच्या बायकोचा भाऊ. टेरिलिनचा शर्ट, केसांना तेल, बोलणं असं गुळगुळीत की पकडायला जावं तर हातातून सुटावं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रंगाची नजर बहिणीच्या नवऱ्याकडून मिळत नाही, असं मी मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं म्हणायचो.

मग माझी घंटी थांबली. पहिल्यांदा वाटलं, मुहूर्त कमी असतील. पण शालूची घंटी वाजत होती, फेट्यांची वाजत होती, गाठोडंवाला तर दिवसभर धावत होता. शालू जातोय आणि ब्लाउजपीस जात नाही, असं कुठलं लग्न? मी दारात बसून दोरीकडे पाहायचो. वाऱ्याने ती हलली तरी उठायचो.

एका दुपारी मिलमधून परतून नुकत्या चपला काढल्या होत्या, तोच ती वाजली. तोच खोकला. मी चपला न घालता धावलो. तापलेल्या फरशीवर तळवे भाजले तेही कळलं नाही. गादीजवळ पोचलो, तर मधुकर फोन कानाला लावून उभा. "हो, राघू रंग आहे न. हो, उद्याच्या गाडीनं." मी मागे वळून पाहिलं. हिरवी दोरी पानवाल्याच्या पत्र्यावरून येत होती, खांबापर्यंत येत होती, आणि तिथून डावीकडे माझ्याकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे गेली होती. शेवटी मधुकरचं दार. दाराला माझी घंटी. दोरीबरोबर घंटीही नेली होती.

"शामराव, माझी दोरी काहून हलवली?"

"बसा, दौलतभाऊ. पाणी घ्या."

"पाणी गेलं चुलीत. दोरी काहून हलवली, ते बोला."

त्याने शांतपणे मागे वळून खिळ्याखालचं अक्षर दाखवलं. "वाचा. इथं ‘दौलत’ लिहिलं आहे काय? ‘मॅचिंग’ लिहिलं आहे. दोरी कामाची आहे. तुमची नाही, त्याची नाही, माझीबी नाही."

"मेहुणा आहे म्हणून!"

"मेहुणा आहे हे खरं. पण तो जाग्यावर असते; इतके दिवस त्याले खुणेनं बोलावलं, आज सकाळी दोरी हलवली. लगनसराई लागली तेव्हा घंटी वाजवून वाजवून माझा हात दुखला. तुम्ही कुठी होते?"

"मिलमध्ये. माल काय आभाळातून पडते?"

"अन् तिकडं ब्रह्मपुरीवाला पोस्टात उभा राहून तीन मिनिटं माझा श्वास ऐकत होता. त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी हळद."

"एका दिवसाची गोष्ट!"

"लग्नघरी तोच एक दिवस असते न गा."

मधुकर फोन ठेवून हळूच म्हणाला, "दौलतभाऊ, माझ्यावर राग नोका धरू. घंटी वाजली, मी आलो." या वाक्यानेच तो मला जास्त सलला.

मी भाव करणारा माणूस. भावावर आलो. पूर्ण दोरी नको, अर्धा आठवडा त्याला, अर्धा मला. शामराव मान हलवत राहिला. सकाळ त्याला, दुपार मला. नाही. मी उठून रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बरं, एक दिवस देतो तुम्हाले." कोणता? "बाजार बंद असते तो." मधुकरने तोंडावर रुमाल धरला. मिलच्या माणसाला तीनदा उठून हरवणारा मी, त्या दिवशी चौथ्यांदा उठलो आणि मला कोणी हाक मारली नाही.

*

तेव्हा आम्ही सक्करदऱ्याला राहायचो, एका खोलीत. संध्याकाळी तलावावरून जरा वारा यायचा. सुमन, माझी बायको, अंगणात पाट मांडून ताट वाढायची. मी घास तोंडाशी नेला की मला तो खोकला ऐकू यायचा. सक्करदऱ्यात, गांधीबागेपासून इतक्या दूर! मी घास खाली ठेवायचो.

"वाजली का?" सुमन विचारायची.

"काय वाजली?"

"त्याची घंटी. तिकडं ती वाजली की इकडं तुमचं जेवण थांबते. त्या मधुकरलेच बोलवू का जेवाले? निदान भाजी तरी संपन."

मत्सराला लोक आग म्हणतात. मला तसं वाटत नाही. आग एका जागी लागते. मत्सर हा कान असतो, जो आपल्याला नको तेवढं दूरचं ऐकतो. त्या दिवसांत मला मधुकरच्या दुकानातली कात्री ऐकू यायची. त्याने कापड फाडलं की त्या चर्र आवाजावरून मी सांगू शकत होतो, पॉपलीन आहे की रुबिया. तो हसला की ते हसू माझ्यावर आहे असं वाटायचं. तो हसला नाही तर वाटायचं, आता याला हसायचीही गरज उरली नाही.

पण माझ्याजवळ एक आशा होती. मला वाटायचं, गिऱ्हाईक येडं नाही. मधुकरचा माल पोचेल, मांडवात साडी आणि ब्लाउज शेजारी शेजारी येतील, आणि बाया नाक मुरडतील. मग फोन येईल: हा माल कोणी दिला? आधीचा माणूस कुठे गेला? या एका प्रश्नाच्या आशेवर मी तो महिना काढला. कुणी तरी माझ्याबद्दल विचारावं, एवढंच मला हवं होतं. विचारलं की दोरी परत येईल, ही माझी खात्री. प्रश्न आला नाही, तेव्हा मी स्वतःच तो शोधायला निघालो.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घातला, डोक्याला ओला दुपट्टा बांधला आणि सावनेरची एस.टी. पकडली. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. बाजूला पळसाची झाडं पाचोळ्यावर उभी. माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे, लक्ष्मणराव दुकानदाराकडे मी पहिल्यांदाच जात होतो. इतकी वर्षं एकमेकांचा फक्त आवाज ऐकलेला, तोही शामरावच्या फोनवर उभं राहून, घाईघाईत.

लक्ष्मणराव भला माणूस. मी गांधीबागेतून आलो म्हटल्यावर त्याने उठून जागा दिली. "आमच्या शामरावजींकडून?" त्याचा चेहरा उजळला. "कसे आहेत? मी त्याहिले पाहिलं नाही कधी, पण आवाज ओळखतो. देवमाणूस."

"मी मॅचिंगवाला," मी म्हणालो. "दौलत. इतकी वर्षं तुमचे रंग मी जुळवले."

"असं का? फार चांगलं काम आहे हो तुमचं."

"तेच सांगाले आलो. यंदा ते काम माझ्याकडं नाही. दुसरा करून राहिला."

"कधीपासून?"

"लगनसराई लागल्यापासून."

 मग त्याने बायकोला हाक मारली आणि यंदाच्या मालातले दोन तुकडे आणवले. मी ते झटकन घेऊन दारातल्या उन्हात नेले. साडीच्या टोकाशी धरले, गालाशी धरले. मला वाटलं होतं, चूक मला दिसेल. एक छटा तरी कमी, एक छटा तरी जास्त. मी बराच वेळ तसा उन्हात उभा होतो.

आतून लक्ष्मणराव सहज म्हणाला, "आम्हाले तर काही फरक जाणवला नाही. माल तसाच येते."

माझ्या हातातलं कापड खरंच तसंच होतं.

तरी मी सोडलं नाही. म्हणालो, पुढच्या वेळी माझं नाव घेऊन मागा. त्याने फोनचा नंबर विचारला. मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून शामरावचा नंबर आला. लक्ष्मणराव संकोचला. "पण भाऊ, त्यात नाव कुठी सांगायचं? शामरावजी म्हणते, आधी गाव, मग काम, मग माप. नावाले जागाच नाही त्यात." मग माझा चेहरा पाहून त्याने बायकोला ताक आणायला सांगितलं. ताक थंड होतं, वर भाजलेलं जिरं होतं. इतकं चांगलं ताक मी इतक्या वाईट मनाने कधी प्यालो नाही.

*

शीतल म्हणते, "बाबा, पण विचार करा, ते दाराशी बसलेलं नसतं तर मागच्या एकालेही काम मिळालं नसतं. सावनेरवाल्यानं तुम्हाले कुठून शोधलं असतं?" बरोबर आहे तिचं. उमरेडकडून आलेल्या, फुटपाथवरून उठवलेल्या माणसाला नाव विचारून कोणी पहिली मागणी दिली नसती. ती दिली ती मॅचिंगला. त्या खिळ्यामागे उभा राहूनच मी दुकानदार झालो. पण पोट भरलेल्या माणसाला आणखी एक भूक लागते, आणि त्या भुकेसाठी शीतलच्या फ्रेमवर्कमध्ये काय सोय आहे, ते ती सांगत नाही. मी विचारलं, की तुझं नाव कुठे दिसतं का ग त्या सगळ्यात? ती हसली. "माझं कशाले दिसन?" आणि पुन्हा कामाला लागली. तिच्या त्या हसण्याचाही मला हेवा वाटला.

*

नवतपा लागला. जेठ महिन्यातले ते नऊ दिवस असे, की पाखरं पाण्याच्या माठाशेजारी पंख पसरून पडतात. शेवटचे मुहूर्त होते. गल्लीत गाठोड्यांची रास, घंट्यांना उसंत नाही. मधुकरच्या दारातली माझी घंटी इतकी वाजायची, की तिचा तडा वाढल्यासारखा वाटत होता.

भर दुपारी शामराव गादीवरच कलंडला. फोन हातात, डोळे वर. ऊन लागलं होतं. रंगाऱ्याने त्याच्यावर ओली चादर टाकली, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. त्याची बायको माडीवरून धावत आली. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. मधुकर सोबत निघाला, तर बहीण म्हणाली, "तू दुकान सांभाळ रे, लग्नघरचा माल अडन." रिक्षा गेली. सगळे जड पायांनी आपापल्या दारात परतले.

आणि फोन वाजायला लागला.

वाजत राहिला. मी पाहिलं, शालूवाला दारात उभा, मान वर करून आपल्या घंटीकडे पाहतोय. फेटेवाला तसाच. चादरवाला तसाच. मधुकर हात पुसत, कान टवकारून. अख्खी गल्ली आपापली घंटी वाजायची वाट पाहत होती, आणि दोरी ओढणारी गादी रिकामी होती. इतक्या वर्षांत घंटीवर धावायची अशी सवय लागली होती, की फोन उचलायचं कोणाच्या मनातच येईना.

माझ्या दाराला घंटी नव्हती. मी कशाचीच वाट पाहत नव्हतो. मी दुकानाला कुलूप घातलं आणि चालत गेलो.

गादी अजून ओली होती. बसताना मनात काय होतं ते स्पष्ट सांगतो. मी ठरवलं होतं, की उचलायचा आणि म्हणायचं, दौलत बोलतो. अख्ख्या मुलखाला ऐकू जाऊ दे. मी फोन उचलला. पलीकडे खरखर, मग एक दमलेला आवाज, "शामरावजी?" मागून ऑपरेटरची घाई. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात कळलं, की सांगत बसलो तर या माणसाचा वेळ यातच जाईल. मी म्हणालो, "हो. गाव सांगा."

त्याला शालू हवा होता. मी दोरी ओढली. शालूवाला धावत आला आणि मला गादीवर पाहून दारातच थबकला. "उभे काय राहिले? बोला!" मी खेकसलो. तो बोलला. लगेच दुसरा फोन. मग तिसरा. फेटे. गाठोडं. पुन्हा शालू. मी हात आणि विती मीटरमध्ये बदलत होतो, खिळ्यांवरून हात फिरत होता. पाठीवरून घाम ओघळत होता आणि छाती अशी भरून आली होती, की मला वाटलं, हेच हवं होतं मला. दोरी नाही, ही गादी. सगळी गल्ली माझ्या बोटांच्या टोकाला बांधलेली.

मग एक फोन आला. म्हातारा आवाज, फोनवर बोलायची सवय नसलेला, गरजेपेक्षा मोठ्याने. "राम राम, शामरावजी. मी गणपत बोलतो, गणपत. तुम्ही मले ओळखत नसान, पण माझ्या धाकट्या पोरीचं लग्न हाये, अन् मी म्हटलं—"

"नाव राहू द्या," मी म्हणालो. "गाव सांगा. काम सांगा."

 खरखर ऐकू येत राहिली. मग तोच आवाज, लहान होऊन, "काटोल. मॅचिंग. डाळिंबी रंग आहे काय?"

डाळिंबी माझ्याकडे होता. कुलपाच्या आत, डाव्या फळीवर, गल्लीत कोणाकडे नसेल असा. पण तो मोजून, गाठोड्यात घालून आजच्या गाडीला द्यायचा तर मला उठावं लागलं असतं, आणि उठलो तर या गादीवर कोणी नव्हतं. मी समोर पाहिलं. मधुकर जाग्यावर होता.

मी हिरवी दोरी ओढली. समोरच्या दारात घंटी खोकली, आणि तो धावत आला.